बीपीची गोळी, गाठीचा रक्तपुरवठा आणि रेडिएशन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६६ वर्षांचे, स्वरयंत्राचा कॅन्सर. पुढच्या सोमवारपासून रेडिएशन सुरू होणार, सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लाटिन हे केमोचं औषध. बीपीसाठी अम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन चालू आहे, शिवाय रोज ॲस्पिरिन. तुम्ही एका ठिकाणी वाचलंत की रक्तवाहिन्या रुंद करणाऱ्या औषधांनी गाठीला रक्त जास्त मिळतं आणि रेडिएशन चांगलं लागू पडतं. दुसरीकडे वाचलंत की गाठीला रक्त मिळालं की ती वाढते, म्हणून अशा गोळ्या बंद कराव्यात. यातलं खरं काय, आणि गोळ्यांचं काय करायचं?

आधी तातडीचं सांगतो. बीपीच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, वाढवूही नका. या गोळ्यांमुळे माणसांमध्ये रेडिएशन कमी किंवा जास्त लागू पडतं असं खात्रीनं दाखवणारी चाचणी झालेली नाही. बीपी अचानक चढलं तर होणारं नुकसान मात्र खरं आहे. आता सविस्तर सांगतो, कारण तुम्ही वाचलेल्या दोन्ही गोष्टींत थोडं थोडं तथ्य आहे आणि ते समजलं तर पुढचे सात आठवडे तुम्हाला कशाकडे लक्ष द्यायचं ते कळेल.

रेडिएशनचा पेशीवर होणारा परिणाम बराचसा ऑक्सिजनवर अवलंबून असतो. किरण पेशीतून जातात तेव्हा तिथल्या पाण्यापासून अतिशय चंचल असे कण तयार होतात आणि ते डीएनएला इजा करतात. त्या क्षणी जवळ ऑक्सिजन असेल तर तो त्या इजेला चिकटतो आणि ती पक्की करतो, मग पेशीला ती सहज दुरुस्त करता येत नाही. ऑक्सिजन नसेल तर इजा भरून निघण्याची शक्यता वाढते. हा सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा असतो. मशीन चालू असताना ऑक्सिजन तिथे हवा, तासाभरानं आला तर त्या दिवशीच्या डोससाठी तो निरुपयोगी. ऑक्सिजन अजिबात नसलेल्या पेशी मारायला भरपूर ऑक्सिजन असलेल्या पेशींच्या अडीच ते तीनपट डोस लागतो. म्हणजे रोजच्या २ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं एकक) डोसनं जे काम व्हायला हवं, त्यासाठी अशा पेशींना ५ ते ६ ग्रे द्यावे लागतील. तेवढा डोस रोज दिला तर शेजारची निरोगी ऊती टिकणार नाही.

हे कळायला बराच काळ गेला. १९०९ मध्ये गॉटवाल्ड श्वार्त्स यांनी पाहिलं की रेडियमचं साधन त्वचेवर दाबून धरलं तर त्वचेवरची प्रतिक्रिया कमी होते. दाबामुळे तिथलं रक्त हटलेलं असायचं. नेमकं कारण ऑक्सिजन आहे, हे लुई हॅरॉल्ड ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये ठामपणे मांडलं. डोसचं एकक आज त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. दोन वर्षांनी टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. पेशींचे दोरासारखे पुंजके दिसले, आणि रक्तवाहिन्या त्यांच्या बाहेरच्या कडेला होत्या. पुंजक्याची त्रिज्या १६० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत असेल तर मधला भाग जिवंत होता, २०० मायक्रॉनच्या पुढे गेली की मधोमध पेशी मेलेल्याच. म्हणजे रक्तवाहिनीपासून दोन-तीन केसांच्या जाडीइतक्या अंतरावर ऑक्सिजन संपतो. मेलेल्या भागाची चिंता नसते. चिंता असते ती जिवंत आणि मेलेल्या भागांच्या सीमेवर तग धरून बसलेल्या पेशींची. त्या उपाशी असतात पण जिवंत असतात, आणि रेडिएशनला दाद देत नाहीत.

यावर सरळ उपाय सुचतो तो असा की गाठीचा रक्तपुरवठा वाढवा, ऑक्सिजन जाईल. तुम्ही वाचलेली पहिली गोष्ट इथूनच आली आहे. पण गाठीच्या रक्तवाहिन्या निरोगी रक्तवाहिन्यांसारख्या नसतात. त्या घाईघाईत तयार झालेल्या असतात. वेड्यावाकड्या, मध्येच आंधळ्या, गळक्या, आणि बऱ्याच ठिकाणी भिंतीत स्नायूचा थरच नाही. बीपीचं औषध काम करतं ते या स्नायूच्या थरावर. स्नायूच नसेल तर औषध सैल काय करणार? मग असं होतं की शरीरातल्या बाकीच्या निरोगी रक्तवाहिन्या सैल होतात, एकूण दाब उतरतो, रक्त सोप्या वाटेनं तिकडे वळतं आणि गाठीला उलट कमी मिळतं. एका नळावर दोन पाइप जोडले आणि त्यातला एक मोठा केला तर दुसऱ्यातली धार बारीक होते, तसंच. आमच्या क्षेत्रात याला रक्ताची चोरी म्हणतात.

हायड्रॅलाझिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं बीपीचं औषध याचं ठळक उदाहरण. उंदरांना ते दिल्यावर त्यांच्या गाठींतला रक्तप्रवाह इतका घटला की गाठी जवळजवळ पूर्ण ऑक्सिजनविना राहिल्या. अशा वेळी रेडिएशन दिलं असतं तर ते फुकट गेलं असतं. तेव्हा बऱ्याच जणांनी अंदाज बांधला की माणसांतही असंच होईल. पण माणसांच्या गाठींमधला प्रवाह मोजला तेव्हा तशी ठरावीक घट दिसली नाही. एक कारण असं की उंदराच्या पायावरची गाठ त्याच्या शरीराच्या मानाने प्रचंड असते आणि तिच्या जवळपास सगळ्या रक्तवाहिन्या नव्याने फुटलेल्या असतात. माणसाच्या गाठीत मात्र आधीपासूनच्या, स्नायूचा थर असलेल्या धमन्याही सामावलेल्या असतात, त्या औषधाला थोडाफार प्रतिसाद देतात. शिवाय दाब किती उतरला त्यावरही परिणाम ठरतो. त्यामुळे एखाद्या औषधाचा उंदरांतला निष्कर्ष वाचून वडिलांची गोळी बदलायचा विचार कराल, तेव्हा हा फरक आठवा.

अजून एक गोष्ट १९७९ नंतर हळूहळू स्पष्ट झाली, आणि माझ्या मते या विषयात ती सर्वांत महत्त्वाची आहे. ऑक्सिजनची उणीव दोन प्रकारची असते. एक म्हणजे आत्ता सांगितलेली, अंतरामुळे होणारी आणि कायमची. दुसरी येते-जाते. गाठीतली एखादी बारीक रक्तवाहिनी काही मिनिटं बंद पडते, मग पुन्हा उघडते. चॅप्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना काही मिनिटांच्या अंतरानं दोन वेगवेगळे चमकणारे रंग टोचले, तेव्हा काही रक्तवाहिन्यांभोवती फक्त पहिला रंग सापडला, काहींभोवती फक्त दुसरा. म्हणजे दरम्यानच्या काळात रस्ताच बंद झाला होता. आज सकाळी अकराच्या रेडिएशनच्या वेळी जो कोपरा ऑक्सिजनविना होता, तो उद्या कदाचित नसेल. रेडिएशन तीस-पस्तीस दिवस थोडं थोडं देण्यामागे हेही एक मोठं कारण आहे. पेशी मरत जातात, गाठ आतून सैल होते, उपाशी पेशींपर्यंत ऑक्सिजन पोचू लागतो आणि पुढच्या डोसला त्या सापडतात.

या दोन्ही प्रकारांवर एकत्र हल्ला करायचा प्रयत्न झाला तो निकोटिनामाइड आणि कार्बोजेन यांच्या जोडीनं. निकोटिनामाइड म्हणजे बी३ जीवनसत्त्वाचं एक रूप. मोठ्या डोसमध्ये ते या बंद-उघड होणाऱ्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवायला मदत करतं. कार्बोजेन म्हणजे ऑक्सिजनमध्ये थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळलेला वायू, रेडिएशनच्या काही मिनिटं आधीपासून ते संपेपर्यंत मास्कमधून घ्यायचा. कार्बन डायऑक्साइड कशाला, असं रुग्ण नेहमी विचारत. शुद्ध ऑक्सिजननं रक्तवाहिन्या आकसतात, ते टाळण्यासाठी तो घालतात.

वडिलांच्या आजाराशी जवळचा म्हणून एका चाचणीबद्दल जरा सविस्तर सांगतो. नेदरलँड्समध्ये स्वरयंत्राच्या कॅन्सरच्या ३४५ रुग्णांवर ती झाली आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना फक्त वेगवान (नेहमीपेक्षा कमी दिवसांत संपणारं) रेडिएशन, अर्ध्यांना त्यासोबत ही जोडी. स्वरयंत्रातली मूळ गाठ आटोक्यात राहण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं, पाच वर्षांनी साधारण ७८ ते ७९ टक्के. मानेतल्या गाठींवरचा ताबा मात्र जोडी घेणाऱ्यांमध्ये ९३ टक्के आणि इतरांमध्ये ८६ टक्के. आणि ज्यांच्या गाठीच्या तुकड्याच्या तपासणीत ऑक्सिजनची उणीव जास्त दिसली होती, त्यांच्यात हा फरक १०० आणि ५५ टक्के इतका मोठा होता. हा उपगट लहान होता, म्हणून आकडे जपून वाचायचे. पण त्यातून निघणारा अर्थ मला पटतो. ज्या गाठीला ऑक्सिजनची खरंच उणीव आहे तिलाच अशा उपायाचा फायदा होतो. सगळ्यांना सरसकट दिलं तर तो फायदा सरासरीत विरघळून जातो.

ब्रिटनमध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरच्या ३३३ रुग्णांवरही हीच जोडी वापरून पाहिली गेली. २०१० च्या त्या निकालात तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ५९ टक्के होतं, नुसत्या रेडिएशनच्या गटात ४६ टक्के. सहा महिन्यांनी दुर्बिणीतून दिसणाऱ्या गाठीच्या नियंत्रणात मात्र ठळक फरक नव्हता. इतकं असूनही ही पद्धत सगळीकडे रुळली नाही. निकोटिनामाइडचा डोस शरीराच्या प्रत्येक किलोला ६० मिलिग्रॅमपर्यंत जायचा, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज साडेतीन ग्रॅमहून जास्त. त्यानं मळमळ आणि उलट्या होत, आणि बरेच जण मध्येच सोडून देत. हे वाचून दुकानातून बी३ च्या गोळ्या आणून वडिलांना देऊ नका. त्यातला डोस, वेळ आणि मास्कमधला वायू हे सगळं एकत्र जुळलं तरच त्याला अर्थ होता, आणि सिस्प्लाटिनसोबत उलट्या वाढणं त्यांना अजिबात परवडणार नाही.

आता तुमची दुसरी गोष्ट, रक्त तोडलं तर गाठ मरेल ही. या कल्पनेवरही औषधं आली. काही औषधं गाठीच्या रक्तवाहिन्या काही तासांत कोसळवतात. गाठीचा मधला भाग मरतोही, पण कडेला निरोगी ऊतीच्या रक्तावर जगणारा पातळ थर शिल्लक राहतो आणि तिथून गाठ पुन्हा उभी राहते. इथे क्रम फार महत्त्वाचा ठरतो. असं औषध रेडिएशनच्या आधी दिलं तर गाठ ऑक्सिजनविना होऊन किरणांपासून वाचू शकते. रेडिएशननंतर दिलं तर दोघांचं काम एकमेकाला पूरक होतं, कारण मधल्या ज्या उपाशी पेशी किरणांना दाद देत नाहीत त्याच हे औषध मारतं. प्राण्यांमध्ये हा फरक स्वच्छ दिसला आहे.

बेव्हासिझुमॅब हे औषध तुमच्या वाचनात आलं असेल. ते नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही, २००४ पासून वापरात आहे. साध्या तर्काने यामुळे रेडिएशन बिघडायला हवं. पण २००१ मध्ये संशोधक राकेश जैन यांनी एक वेगळा विचार मांडला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अशा औषधानं सुरुवातीला गाठीतल्या नुसत्या निकामी, गळक्या वाहिन्या छाटल्या जातात, उरलेल्या थोड्या नीट होतात, आतला दाब कमी होतो आणि काही दिवस ऑक्सिजन उलट चांगला पोचतो. मग औषध चालूच राहिलं की वाहिन्या इतक्या घटतात की उणीव परत येते. म्हणजे मध्ये एक खिडकी उघडते आणि बंद होते. उंदरांमध्ये त्या खिडकीत दिलेलं रेडिएशन जास्त परिणामकारक ठरलं. माणसात ती खिडकी कधी उघडते, किती दिवस राहते, हे प्रत्येक गाठीत वेगळं. मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमा या कॅन्सरवर रेडिएशन आणि केमोसोबत बेव्हासिझुमॅब देऊन दोन मोठ्या चाचण्या झाल्या, दोन्ही २०१४ मध्ये आल्या. आजार वाढायला थोडा उशीर झाला, आयुष्य वाढलं नाही. या औषधाचा शरीरातला अर्धा भाग निघून जायला साधारण वीस दिवस लागतात, त्यामुळे त्याची वेळ नेमकी साधणंही अवघडच. आतड्याजवळ जास्त डोसचं रेडिएशन असेल तर आतड्याला भोक पडण्याचा धोकाही मनात ठेवावा लागतो. गंमत म्हणजे रेडिएशनमुळे मेंदूचा भाग सुजून मृत झाला असेल तर हेच औषध ती सूज छान उतरवतं, आणि तिथे मी त्याच्यावर खूप विसंबलो आहे.

नायट्रोग्लिसरीनच्या पट्ट्या, लोसार्टनसारख्या गोळ्या यांच्यावरही काम झालं. लोसार्टन वडिलांच्या टेल्मिसार्टनच्याच कुळातलं. त्याची कल्पना वेगळी आहे. गाठीतला घट्ट तंतुमय भाग रक्तवाहिन्यांना बाहेरून दाबून टाकतो, तो भाग सैल केला तर दाबलेल्या वाहिन्या उघडतात. स्वादुपिंडाच्या, आजूबाजूला वाढलेल्या पण दूर न पसरलेल्या कॅन्सरवर आधी केमोसोबत लोसार्टन आणि मग केमो-रेडिएशन असा क्रम वापरलेल्या ४९ रुग्णांपैकी ३४ जणांची गाठ पूर्णपणे काढता आली. निकाल उत्साहाचा आहे, पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नायट्रोग्लिसरीननं फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये सुरुवातीला आशा दाखवली, नंतरच्या मोठ्या चाचणीत केमोसोबत फायदा दिसला नाही.

मला सध्या जास्त आशादायक वाटते ती बाजू उलटी आहे. ऑक्सिजन जास्त पाठवण्याऐवजी गाठीनं तो कमी खावा असं करायचं. पेशींनी ऑक्सिजन कमी वापरला तर तो रक्तवाहिनीपासून जास्त अंतरावर पोचेल. पॅपॅव्हेरिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं जुनं औषध. अलीकडे लक्षात आलं की ते पेशींचा ऑक्सिजनचा वापरही कमी करतं, आणि उंदरांमध्ये त्यामुळे रेडिएशनचा परिणाम वाढला. पण इथेही सावध राहायला हवं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनकडून हीच अपेक्षा होती, आणि २०२१ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या दोन चाचण्यांत केमो-रेडिएशनसोबत ते देऊन फायदा झाला नाही, एकीत तर निकाल आणखी वाईट आला.

तर्क कितीही सुंदर असला तरी माणसात तपासल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हे मी शिकलो ते हिमोग्लोबिनवरून. कमी हिमोग्लोबिन असलेल्या रुग्णांचे निकाल वाईट येतात, हे आम्हाला रोज दिसायचं. मग रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन द्यायचं, ही कल्पना अगदी स्वाभाविक होती. २००३ मध्ये डोके-मानेच्या कॅन्सरच्या ३५१ रुग्णांवरची चाचणी आली. हिमोग्लोबिन वाढलं, आणि आजारावरचा ताबा मात्र इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये कमी निघाला. त्या काळात आमच्याकडे काही रुग्णांना आम्ही हे इंजेक्शन चांगल्या हेतूनं सुचवलं होतं. ती चाचणी वाचली तो दिवस मी विसरलेलो नाही.

आता वडिलांकडे येतो. स्वरयंत्राच्या रेडिएशनमध्ये तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गिळायला दुखू लागतं, खाणं-पिणं घटतं, वजन उतरतं. बीपीची गोळी मात्र तीच आणि तितकीच चालू राहते. अशा वेळी मी कितीतरी रुग्णांचं बीपी ९० च्या आसपास घसरलेलं पाहिलं आहे. उठताना अंधारी येते, पडतात. रक्ताची चोरी होण्याची भीती खऱ्या अर्थानं कुठे लागू पडत असेल तर ती इथे, शरीरात पाणी कमी आणि दाब खाली असताना. त्यात टेल्मिसार्टन, कमी पाणी आणि सिस्प्लाटिन हे तिघे एकत्र आले तर मूत्रपिंडावर थेट मार बसतो, आणि मग केमो थांबवावी लागते. म्हणून घरी बीपीचं मशीन ठेवा, रोज बसून आणि उभं राहून मोजा, वहीत लिहा. वरचा आकडा सलग ११० च्या खाली येऊ लागला किंवा दिवसभरात पिणं निम्म्यावर आलं की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गोळीचा डोस कमी करायचा की टेल्मिसार्टन काही दिवस थांबवायचं, ते ठरवतील. एका रुग्णाच्या मुलानं तिसऱ्या आठवड्यात अशी वही माझ्यासमोर ठेवली होती, आणि त्या वहीमुळे आम्ही त्यांचं क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढण्याआधीच गोळी थांबवू शकलो.

ॲस्पिरिन स्टेंटसाठी चालू असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका. अन्नासाठी पोटात नळी बसवायची ठरली किंवा दात काढायचे असतील तर मात्र ॲस्पिरिन चालू आहे हे आधी सांगा.

वडील अजूनही सिगारेट किंवा विडी ओढत असतील तर गाठीच्या ऑक्सिजनसाठी तुमच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, आणि मग रक्त गाठीपर्यंत पोचलं तरी रिकाम्या हातानं पोचतं. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रेडिएशन चालू असताना ओढत राहिलेल्यांमध्ये गाठ पूर्ण विरघळण्याचं प्रमाण ४५ टक्के होतं, सोडलेल्यांमध्ये ७४ टक्के. यातला सगळाच फरक धुराचा नसेल, पण इतका फरक मला आजवर रक्तप्रवाहाच्या कुठल्याही गोळीत दिसलेला नाही. रेडिएशनच्या दिवशी सकाळची एकसुद्धा नको, कारण तो वायू रक्तात काही तास राहतो.

आणि रेडिएशनचे दिवस चुकवू नका. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार एका दिवसानं लांबला की आजारावरचा ताबा साधारण एक ते दीड टक्क्यानं घटतो. मशीन बंद पडलं किंवा सुट्टी आली तर तो दिवस कसा भरून काढणार, हे विचारायला संकोच करू नका.

सोमवारी जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं, अलीकडचा हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनीनचा रिपोर्ट आणि दोन-तीन दिवसांचं बीपी लिहिलेला कागद सोबत न्या. हिमोग्लोबिन १० च्या आत असेल तर कारण शोधायला सांगा. आणि टेल्मिसार्टन चालू असल्याचं केमोच्या डॉक्टरांनाही वेगळं सांगा. फाइलमध्ये लिहिलेलं असलं तरी तोंडी सांगा.